वीणा खाली ठेवायची नसते: पराभवानंतरचा श्रद्धाळू मतदार आणि त्याची पक्षनिष्ठा

विणेकरी (धागाकर्ते)

बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या एका घडीत वसलेल्या आमच्या गावात दर श्रावणात अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवसांचे १६८ तास वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून दोन-दोन तासांचे ८४ पहारे लावावे लागतात, आणि त्या पहाऱ्यांची यादी गेली अठरा वर्षे मी करतो. वरवर पाहता हे कारकुनी काम आहे. परंतु ४ जून २०२४ च्या लोकसभा निकालानंतर आलेल्या श्रावणात ही यादी करताना मला जो घाम फुटला, त्यातून एक प्रश्न मनात राहिला आणि तो येथे मांडावासा वाटतो.

आकडे बहुतेकांना ठाऊक असतील. २०१४ च्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे बीडमधून ६ लाख ९६ हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आल्या होत्या. दहा वर्षांनी त्याच मतदारसंघात पंकजा मुंडे ६,५५३ मतांनी पडल्या आणि बजरंग सोनवणे खासदार झाले. मराठवाड्याच्या आठ जागांपैकी महायुतीच्या पदरात छत्रपती संभाजीनगरची एकच जागा पडली. १ सप्टेंबर २०२३ रोजी आंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाल्यापासून जिल्ह्यात मराठा आणि ओबीसी अशी जी दोन बाजूंची रेघ ओढली गेली होती, ती निकालाने पुसली नाही, उलट गडद केली. निकालानंतर काही समर्थकांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या आणि पराभूत उमेदवारालाच समर्थकांपुढे हात जोडून विनवणी करावी लागली. निवडणुकीतील हार माणूस इतकी स्वतःच्या अंगावर का घेतो, हे मला तेव्हापासून नीट उमगलेले नाही.

तर ती यादी. जुलैच्या अखेरीस दोन गृहस्थ दोन वेगवेगळ्या संध्याकाळी माझ्याकडे आले. दोघेही माळकरी, दोघांनीही आषाढी कधी चुकवलेली नाही, आणि दोघांच्या बांधाला बांध आहे. पहिला हरलेल्या बाजूचा. तो म्हणाला, "तात्या, पाया कुणाच्याबी पडंन, पण त्याचा पहारा माझ्या आधी लावू नका." दुसरा जिंकलेल्या बाजूचा, त्याचेही म्हणणे शब्दाशब्दाने तेच. ज्यांना सप्ताहाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो की, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाताना देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. त्यात वय, जात, पैसा, काहीही पाहिले जात नाही. पाया पडल्यावाचून वीणा हलत नाही. अशा जोड्या त्या वर्षी मला एकंदर अकरा सापडल्या, आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये मी शाळेतली पोरे घातली.

आता प्रश्न. हरलेल्या बाजूच्या एकाही माळकऱ्याने पक्ष सोडला नाही. सोडण्याला कारणे होती; सोयाबीनच्या भावापासून रखडलेल्या पाण्यापर्यंत तेच स्वतः ती सांगत होते. तरी पराभवानंतर त्यांची निष्ठा सैल होण्याऐवजी आवळली. याला काही विद्वान मंडळी भक्तीचे राजकीय रूप म्हणतात. मला ते पटत नाही. माझ्या मते श्रद्धाळू मतदाराची निष्ठा पक्षावर नसते आणि दैवतामुळेही नसते. ज्या पंगतीत तो बसतो त्या पंगतीवर ती असते आणि पक्ष हे त्या पंगतीचे तात्पुरते नाव असते. पंगत हरली की ताट उचलून दुसरीकडे जाता येत नाही.

आमच्या भागातील गडांकडे, म्हणजे संतांच्या गाद्यांकडे, पाहिले तरी हेच दिसते. भगवानगडावरचा दसरा मेळावा हा अनेक वर्षे गोपीनाथ मुंडे यांच्या राजकारणाचा कणा होता. २०१६ मध्ये महंत नामदेव शास्त्री यांनी गडावर राजकीय भाषणाला नकार दिला, तेव्हा पंकजाताईंनी पायथ्याशी सभा घेतली आणि पुढच्या वर्षापासून मेळावा सावरगाव घाटला, भगवानबाबांच्या जन्मगावी नेला. गडाला मानणारा माणूस त्या दिवशी गडावर थांबला की सावरगावला गेला? तो दोन्हीकडे गेला: सकाळी दर्शनाला आणि दुपारी सभेला. २०२४ च्या दसऱ्याला तर जिल्ह्यात दोन मेळावे झाले, एक सावरगावला आणि दुसरा नारायणगडावर मराठा आरक्षणाचे नेते मनोज जरांगे यांचा. दोन्हीकडे टाळ होते, दोन्हीकडे भगवे होते. धर्म दोन्ही बाजूंना सारखाच असेल, तर त्याच्या आधारे मत कसे ठरते, हे कोणीतरी मला समजावून सांगावे.

---

सोयाबीन

आपले लेखन प्रामाणिक आहे, पण "श्रद्धाळू मतदार" नावाची वेगळी जमात मराठवाड्यात कोठे आहे? आमच्या परभणी जिल्ह्यात अश्रद्ध मतदार शोधावा लागेल. लोकसभेला पाडले ते भावाने. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात माल त्याहून कितीतरी खाली जात होता. नोव्हेंबरच्या प्रचारात ६,००० रुपयांचे आश्वासन मिळाले, त्यावर लोकांनी किती विश्वास ठेवला हा भाग वेगळा. धर्माचे अस्तर काढून पाहा, आत पोतेच निघेल.

---

माहूरचा वाटसरू

सोयाबीन यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे, कारण नांदेडमध्ये २० नोव्हेंबर २०२४ रोजी जे घडले ते भावाने उलगडत नाही. खासदार वसंतराव चव्हाण यांचे ऑगस्टमध्ये निधन झाले होते. त्यामुळे विधानसभेच्या मतदानाबरोबरच लोकसभेची पोटनिवडणूक झाली आणि मतदाराने एकाच खोलीत, एकाच रांगेत उभे राहून, दोन यंत्रांवर दोन बटणे दाबली. निकाल असा लागला की लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण, म्हणजे वसंतरावांचे पुत्र, १,४५७ मतांनी निवडून आले, आणि त्याच लोकसभा मतदारसंघातील सहाच्या सहा विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. सोयाबीनचा भाव एका यंत्रापासून दुसऱ्या यंत्रापर्यंत चार पावले टाकताना बदलत नाही.

माझे चुलते दरवर्षी माहूरला रेणुकेच्या दर्शनाला पायी जातात. घरात नवरात्राचे नऊ दिवस कडक असतात. त्यांनी पंजा आणि कमळ अशी दोन्ही बटणे दाबली आणि घरी येऊन ते लपवलेही नाही. मी विचारले, तेव्हा म्हणाले की एक मत मयताला दिले आणि एक घराला. मला यात विसंगती दिसली, त्यांना दिसली नाही. गेलेल्या माणसाचे देणे फेडणे हा त्यांच्या लेखी धर्म होता, आणि तो धर्म कोणत्या पक्षाच्या जाहीरनाम्यात बसतो याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते.

शिवाय आमच्याकडे निष्ठा ठेवायची तरी कोणावर, हा आणखी एक पेच आहे. २०१९ मध्ये भाजपचे प्रताप पाटील चिखलीकर यांनी काँग्रेसचे अशोक चव्हाण यांना सुमारे ४० हजार मतांनी हरवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोकराव भाजपमध्ये आले, म्हणजे हरवणारा आणि हरलेला एका व्यासपीठावर बसले. जूनमध्ये चिखलीकर पडले, ऑक्टोबरमध्ये ते घड्याळाकडे, म्हणजे अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडे गेले आणि लोह्यातून आमदार झाले. ज्या कार्यकर्त्याने २०१९ मध्ये अशोकरावांच्या विरोधात घसा फोडून घेतला, त्याने आता निष्ठा म्हणजे काय समजायचे? तो बिचारा देवीलाच धरून आहे, कारण तिने अजून पक्षांतर केलेले नाही.

---

हिमरू

मी छत्रपती संभाजीनगरचा, मुसलमान आहे आणि पाच वेळचा नमाजी नसलो तरी जुम्याला मशिदीत असतोच. धागाकर्त्यांनी "श्रद्धाळू मतदार" लिहिताना माळकरी डोळ्यांसमोर ठेवला, त्यात वावगे काही नाही. पण पराभवानंतरच्या निष्ठेचा प्रश्न आमच्या मोहल्ल्यात निराळा दिसतो, म्हणून लिहितो.

२०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीच्या साथीने एमआयएमचे इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी खासदार झाले, त्या रात्री आमच्या गल्लीत जे फटाके वाजले ते ईदला वाजत नाहीत. हर्षवर्धन जाधव यांनी अपक्ष म्हणून २ लाख ८३ हजारांहून अधिक मते घेतली नसती तर तो निकाल लागला नसता, हे आम्हालाही कळत होते. २०२४ मध्ये संदीपान भुमरे सुमारे १ लाख ३४ हजारांनी जिंकले. नोव्हेंबरमध्ये जलील औरंगाबाद पूर्वमध्ये उभे राहिले आणि अतुल सावे यांच्याकडून २,१६१ मतांनी पडले. याच जागेवर २०१४ आणि २०१९ मध्ये एमआयएमच्या पतंगावर लढलेले डॉ. गफ्फार कादरी या वेळी समाजवादी पक्षाच्या सायकलीवर उभे होते. त्यानंतर चार महिने हॉटेलात चहाच्या टेबलावर एकच हिशोब चालला की कोणी कोणाची मते खाल्ली.

येथे मला धागाकर्त्यांच्या पंगतीच्या मुद्द्यात भर घालायची आहे. आमच्याकडे हरल्यावर दोन आरोप होतात. बाहेरचे म्हणतात की यांनी धर्म पाहून एकगठ्ठा मत दिले. २०२४ च्या लोकसभा प्रचारापासून त्यासाठी "व्होट जिहाद" हा शब्दच बाजारात आला. आतले म्हणतात की यांनी एकगठ्ठा दिले नाही म्हणून हरलो. एकाच मतदाराने दोन्ही गुन्हे एका वेळी केले, असे मानायचे काय? नोव्हेंबरमध्ये मौलाना सज्जाद नोमानी यांनी महाविकास आघाडीच्या बाजूने जाहीर आवाहन केले. त्याचा उपयोग ज्यांच्यासाठी केले त्यांच्यापेक्षा विरोधकांच्या भाषणांना अधिक झाला, असे माझे मत आहे. माझे वडील ते आवाहन ऐकून एवढेच म्हणाले की नमाज कशी पढायची ते मौलानांना विचारीन, मत कोणाला द्यायचे ते किराणावाल्याला विचारीन, कारण दंगल झाली तर दुकान त्याचे बंद होते.

निष्ठेचे म्हणाल तर नांदेडचे उदाहरण पाहा. २०१२ मध्ये नांदेड महापालिकेत एमआयएमचे ११ नगरसेवक आले आणि २०१७ मध्ये शून्य. ८१ पैकी ७३ जागा काँग्रेसने घेतल्या. त्या पाच वर्षांत नांदेडच्या मुसलमानांची श्रद्धा कमी झाली नव्हती.

---

गुलमंडी

मी त्याच शहरातला, १९८८ मध्ये महापालिकेच्या पहिल्याच निवडणुकीत शिवसेनेचे २७ नगरसेवक आले तेव्हाचा शिवसैनिक. हिमरू साहेबांनी मोकळेपणाने लिहिले, तसेच मीही लिहितो.

आमची निष्ठा धर्माच्याच नावाने उभी राहिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. "खान हवा की बाण" ही घोषणा मी स्वतः भिंतींवर रंगवलेली आहे. आज तिचे समर्थन करणार नाही, पण त्या वेळी हात थरथरला होता असेही खोटे सांगणार नाही. पार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतील भाषणांमुळे पुढे बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेतला गेला. आम्हाला ती शिक्षा वाटली नव्हती, पदक वाटले होते. धर्माच्या नावावर मत मागणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार भ्रष्ट आचरण ठरते, आणि जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने त्याची व्याप्ती आणखी वाढवून मतदाराचा धर्मही त्यात आणला. कायदा मागणाऱ्याला लागतो. देणाऱ्याने मनात काय धरून बटण दाबले, ते तपासणारे यंत्र नाही.

चंद्रकांत खैरे १९९९ ते २०१९ सलग खासदार होते. २०१९ ला पडले, २०२४ ला तिसऱ्या क्रमांकावर गेले. तोवर पक्ष दुभंगला होता आणि धनुष्यबाण दुसऱ्या गटाकडे गेला होता. माझ्यासारख्याची अडचण लक्षात घ्या. हिंदुत्व हीच निष्ठा असेल, तर बाण, मशाल आणि कमळ या तिन्ही ठिकाणी ती ठेवता येते. माणसावर निष्ठा असेल, तर माणसे तीन ठिकाणी विभागली आहेत. शहराचे नाव बदलले पाहिजे म्हणून ज्यांनी आयुष्य घालवले, त्यांना २०२३ मध्ये ते नाव मिळाले आणि त्याच वेळी पक्ष हातातून गेला. मागणी पूर्ण झाल्यावर निष्ठेला काम उरत नाही, हे माझ्या उशिरा ध्यानात आले.

मी मशाल धरली. का, असे विचाराल तर १९८६ पासून ज्यांच्याबरोबर शाखेच्या ओट्यावर बसतो त्यांतले सहा जण तिकडे होते. धागाकर्त्यांची पंगत म्हणतात ती हीच असावी. मात्र एक मतभेद नोंदवतो. पंगत आधी आणि श्रद्धा नंतर, असे ते सुचवतात. आमच्या बाबतीत पंगत श्रद्धेनेच जमली. नुसत्या शेजाराने ती जमली नसती.

---

हिमरू

गुलमंडी साहेब, ती भिंत आमच्या शाळेच्या रस्त्यावर होती. एवढेच.

---

गुलमंडी

शक्य आहे. लपवायचे असते तर लिहिलेच नसते.

---

निळी पायवाट

वरील चर्चेत धर्म म्हणजे हिंदू किंवा मुसलमान, एवढेच गृहीत धरलेले दिसते. मराठवाड्यातील बौद्ध मतदार हा अत्यंत धार्मिक मतदार आहे, फक्त त्याला कोणी तसे म्हणत नाही. माझी आई वर्षावासात तीन महिने विहारात ग्रंथवाचन ऐकते, पौर्णिमेला उपोसथ धरते, आणि तिचे मत कोठे जाते हे तालुक्यातल्या प्रत्येक पुढाऱ्याला न विचारता माहीत असते.

२०१९ मध्ये नांदेडला वंचितच्या यशपाल भिंगे यांना १ लाख ६६ हजार मते मिळाली आणि अशोक चव्हाण सुमारे ४० हजारांनी पडले. त्यानंतर पाच वर्षे भाजपची "बी टीम" हे शब्द आमच्या कानांवर आदळत राहिले. कार्यालयात, लग्नात, एसटीत, सगळीकडे. हरलेल्या काँग्रेसच्या कार्यकर्त्याला कोणी विचारले नाही की तुमचा उमेदवार आम्हाला का नको वाटला. आम्हालाच विचारले गेले की तुम्ही आम्हाला का पाडले. आमची मते ही त्यांची थकबाकी होती, असा त्या प्रश्नाचा सूर. २०२४ च्या लोकसभेला संविधानाच्या मुद्द्यावर त्यांतली पुष्कळ मते परत फिरली. निष्ठा बदलली का? आईने सांगितले की विहारातली जागा तीच आहे, भिंतीवरची तसबीर तीच आहे, मध्ये बटण बदलले.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्तारासाठी १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत ज्या वस्त्यांनी सोसले, त्यांच्या मतदानात जो आग्रह दिसतो तो समजून घेण्यासाठी "पंगत" हा शब्द मला अपुरा वाटतो. आम्हाला पंगतीत बसूच दिले जात नव्हते. धागाकर्त्यांच्या ८४ पहाऱ्यांच्या यादीत आमच्या वस्तीतले किती आहेत, हे त्यांनी सांगावे.

---

विणेकरी

निळी पायवाट यांच्या प्रश्नाचे उत्तर: ८४ मध्ये चार. अठरा वर्षांपूर्वी एकही नव्हता. हे चार बौद्ध नाहीत, मातंग समाजाचे आहेत. बौद्ध वस्तीतून सप्ताहाला अन्नदानाचा शिधा येतो, पण वीणा घ्यायला कोणी येत नाही आणि मी कधी विचारायलाही गेलो नाही. "पंगत" हा शब्द मी सहज वापरला. तो सगळ्यांना सारखा सहज नाही, ही चूक मान्य करतो.

---

मांजरा

लातूरहून लिहितो. आमच्या लिंगायत समाजात प्रश्न याहून मूळचा आहे: आपला धर्म कोणता, हेच ठरलेले नसताना धर्माच्या नावाने मत कसे द्यायचे? २०१७ मध्ये स्वतंत्र धर्माच्या मागणीसाठी लातुरात मोठा मोर्चा निघाला. घरात आजोबा वीरशैव म्हणवतात, वडील लिंगायत, आणि माझ्या शाळेच्या दाखल्यावर हिंदू लिंगायत. तिघांच्याही गळ्यात इष्टलिंग आहे.

सीमेपलीकडे बिदर, कलबुर्गीला आमची सोयरीक आहे, म्हणून तिकडचे पाहिलेले सांगतो. मार्च २०१८ मध्ये कर्नाटकातील काँग्रेस सरकारने लिंगायतांना स्वतंत्र धर्माचा दर्जा देण्याची शिफारस मंत्रिमंडळात मंजूर केली. दोन महिन्यांनी निवडणूक झाली आणि काँग्रेस १२२ वरून ८० वर आली. माझे सासरे, ज्यांनी त्या मागणीसाठी तीन वेळा मोर्चात पाय झिजवले, त्यांनी कमळालाच मत दिले. त्यांचे म्हणणे असे की धर्म मागणे हे मठाचे काम होते. सरकारने तो ताटात वाढल्यावर त्याला निवडणुकीचा वास येऊ लागला. पक्षाला वाटते की श्रद्धाळू माणूस उपकाराने बांधला जातो. तो बांधला जातो तेव्हाही तो उपकाराची वेळ बघतो.

आणखी एक उदाहरण लातूरचेच. शिवराज पाटील चाकूरकर येथून १९८० पासून सलग सात वेळा निवडून आले आणि २००४ मध्ये रूपाताई पाटील निलंगेकर यांच्याकडून हरले. हरल्यावरही ते देशाचे गृहमंत्री झाले. घरातील ज्येष्ठ मंडळी तेव्हा म्हणत की साहेबांना लातूरने पाडले आणि दिल्लीने उचलले, मग आपली निष्ठा गेली कोठे? मार्च २०२४ मध्ये त्यांच्या सूनबाई भाजपमध्ये गेल्या आणि नोव्हेंबरमध्ये लातूर शहरातून अमित देशमुख यांच्याकडून हरल्या. त्या वेळी आमच्या गल्लीतील निम्म्या घरांनी त्यांना आपले माणूस म्हणून मत दिले आणि निम्म्यांनी त्या आपला पक्ष सोडून गेल्या म्हणून दिले नाही. दोन्ही घरे सोमवारी एकाच मठात असतात.

---

ओवी

एवढ्या प्रतिसादांत चुलते, सासरे, वडील, आजोबा आले. एक आई आली ती मुलाच्या तोंडून. मी अंबाजोगाईची, महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. माझे निरीक्षण असे आहे की जून २०२४ चा पराभव आणि नोव्हेंबरचा विजय यांच्यामध्ये श्रद्धाळू पुरुषांची मते किती हलली हे मला ठाऊक नाही, पण बायकांच्या बोलण्यात फरक पडला होता.

पराभवानंतर सरकारने काय काय केले ते आठवा. आषाढीच्या दिंड्यांना २० हजार रुपये, ज्येष्ठांसाठी तीर्थदर्शन योजना, सप्टेंबरच्या अखेरीस देशी गायीला राज्यमातेचा दर्जा. हे सारे श्रद्धाळू मतदारासाठी होते असे म्हणू. आमच्या मंडळातल्या वीस जणींपैकी एकीनेही त्यांतल्या कशाचा उल्लेख केला नाही. उल्लेख झाला तो लाडकी बहीण योजनेतून रक्षाबंधनाआधी खात्यात आलेल्या ३,००० रुपयांचा. परंतु "पैशासाठी मत विकले" असे म्हणणाऱ्यांनी थोडे थांबावे. त्या श्रावणात आमच्या सप्ताहाच्या अन्नदानाच्या फळ्यावर प्रथमच नऊ बायकांची नावे स्वतःच्या नावाने लागली, "अमुक यांच्या सौभाग्यवती" अशी नव्हे. त्यांतली एक विधवा आहे. तिने ५०१ रुपये लिहायला सांगितले आणि फळ्यासमोर उभी राहून आपल्या नावातली वेलांटी दुरुस्त करून घेतली. हे राजकारण म्हणायचे की भक्ती, ते आपण पुरुषांनी ठरवावे. तिला तो प्रश्न पडलेला नव्हता. पुढे त्या योजनेच्या छाननीत ज्यांची नावे गळाली, त्यांच्या निष्ठेचे काय झाले, हेही कोणी तरी पाहावे.

विणेकरी यांना एक विचारायचे आहे. यादीत आमच्या मंडळातल्यांना पहारा मिळत नाही, म्हणून रात्री काय घडते ते आम्हाला कळत नाही. अकरा जोड्यांच्या मध्ये पोरे घातलीत, ते निभले का?

---

सोयाबीन

ओवीताईंच्या प्रतिसादानंतर माझे पोते मी थोडे बाजूला सरकवतो. तरी हमीभावाचा मुद्दा कायम आहे.

---

विणेकरी

सर्वांचे आभार. ओवीताईंच्या प्रश्नाकडे येण्याआधी गुलमंडी यांच्या मुद्द्याबद्दल. पंगत श्रद्धेने जमते हे खरे आहे, आणि माझे विधान तेवढ्यापुरते दुरुस्त करतो. मात्र जमल्यावर ती टिकते ती रोजच्या देण्याघेण्यावर, आणि निवडणूक हरली की पहिला घाला त्या देण्याघेण्यावर पडतो. आमच्याकडे लोकसभेनंतर काही महिने एका बाजूच्या माणसाने दुसऱ्या बाजूच्या दुकानातून साखर घेणे बंद केले होते. कीर्तनकार कोणत्या समाजाचा बोलवायचा, यावरून दोन बैठका मोडल्या. पक्षाने यातले काहीही सांगितले नव्हते.

विधानसभेला तर आमची गंमतच झाली. पाटोदा तालुका आष्टी मतदारसंघात येतो. महायुतीचे म्हणून कमळावर सुरेश धस होते, त्याच महायुतीतल्या घड्याळावर बाळासाहेब आजबे होते, भीमराव धोंडे अपक्ष होते आणि शरद पवारांच्या तुतारीवर मेहबूब शेख होते. जूनमध्ये "पक्ष म्हणजे आई" म्हणणारा आमचा पहिला गृहस्थ नोव्हेंबरमध्ये तीन दिवस कोणाशी बोलला नाही. नेत्यावरची निष्ठा, पक्षावरची निष्ठा आणि भावकीचा कल या तिघांनी त्याला तीन चिन्हे दाखवली. धस निवडून आले. त्याने कोणाला मत दिले ते मी विचारले नाही आणि विचारणारही नाही.

आता रात्रीचे. दहा जोड्यांचे निभले. अकराव्या जोडीतले पोर, आठवीतले, त्याचा पहारा रात्री दोन ते चार, ते उठलेच नाही. वीणा पहिल्या गृहस्थाच्या गळ्यात होती. तो बारापासून उभा होता. दोन वाजले, अडीच झाले, वीणा खाली ठेवता येत नाही. मंडपात ट्यूबलाइटखाली किडे पडले होते, मृदंगवाला खांबाला टेकून घोरत होता, मी कोपऱ्यात घोंगडीवर बसून हे पाहत होतो. उठून वीणा मी घेऊ शकलो असतो, हे कबूल करतो. चारला दहा मिनिटे असताना दुसरा गृहस्थ आंघोळ करून ओल्या केसांनी आला आणि पोराच्या जागी याला उभा पाहून मंडपाच्या तोंडाशीच थबकला. "राम कृष्ण हरी" चालूच होते, कारण घेणाऱ्याने उचलल्याशिवाय देणाऱ्याने थांबवायचे नसते. शेवटी तो पुढे आला आणि वाकला. उभ्या असलेल्याने पाय अर्धा वीत मागे घेतले, इतके की हात जमिनीलाच टेकले. मग तोही वाकला. त्याच्या कपाळाचा बुक्का दुसऱ्याच्या पायाला लागला, वीणा गळ्यातून गळ्यात गेली, आणि कोणी कोणाकडे पाहिले नाही.

सकाळी काकड्यानंतर दोघेही माझ्याकडे आले, वेगवेगळे, आणि दोघांनीही मागणी केली की त्या पोराला पुढच्या वर्षी यादीतून काढून टाकावे. मी काढलेले नाही. यंदाही त्या दोघांच्या मध्ये त्याचेच नाव लिहिले आहे. त्याचा बाप म्हणतो, मोबाइलवर गजर लावून देतो.